प्राणांकापासून लंगडण्यापर्यंत : संगणक-खेळांतील जखमी देहाचा इतिहास

मृतावस्थेतून उठून चालू लागलेल्या देहांच्या तावडीतून जीव वाचविणे हा ज्यांचा विषय आहे अशा संगणक-खेळांची परंपरा आता तीन दशकांहून अधिक जुनी झाली आहे. ह्या खेळांत खेळाडूस दोन गोष्टींची चिंता अखंड वाहावी लागते : एक, देहास होणारी जखम आणि दुसरी, त्या देहाची हालचाल. प्रत्यक्ष जीवनात ह्या दोहोंचा संबंध इतका निकटचा आहे की तो मुद्दाम सांगावयाची गरज पडत नाही. पाय मुरगळला की चाल बदलते. खेळांत मात्र दीर्घ काळ हा संबंध अस्तित्वातच नव्हता. मरणाच्या उंबरठ्यावर असलेला नायक धडधाकट नायकाइतक्याच वेगाने धावत असे. हा दुरावा कोठून आला, तो कसा कमी होत गेला आणि तो नाहीसा करण्याच्या प्रयत्नांतून काय साधले व काय राहून गेले, ह्याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

ह्या विचारास अमेरिकन तत्त्ववेत्ता चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) ह्याने केलेले चिन्हांचे वर्गीकरण उपयोगी पडते. काही चिन्हे केवळ संकेताने अर्थवान होतात. भाषेतील बहुतेक शब्द व गणितातील अंक ह्या वर्गातले. दुसरी काही चिन्हे निर्दिष्ट वस्तूशी कार्यकारणाने जोडलेली असतात. धूर हे अग्नीचे अशा प्रकारचे चिन्ह होय. पडद्याच्या कोपऱ्यातील ‘४०’ हा आकडा पहिल्या वर्गात मोडतो, तर पाय ओढीत चालणे दुसऱ्या वर्गात. खेळांतील जखमेचा इतिहास हा स्थूलमानाने पहिल्या वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे झालेला प्रवास आहे. तथापि तो सरळ रेषेत झालेला नाही.

१

जखम आकड्यात मोजण्याची रीत युद्धाभ्यासाच्या पटावरून आली. प्रशियन सैन्यातील अधिकारी रायस्विट्झ ह्याने १८२४ साली प्रसिद्ध केलेल्या युद्धखेळात फाशांच्या दानावरून व कोष्टकांवरून तुकड्यांची हानी ठरविली जाई. तेथे मोजावयाचे होते ते सैन्यबळ. एका माणसाच्या देहाचा प्रश्न तेथे नव्हताच.

तो प्रश्न अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन ह्यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) ह्या खेळाने निर्माण केला. तत्पूर्वीच्या पटावरील युद्धखेळांत सामान्य सैनिक एका आघाताने मरत असे. परंतु खेळाडू एकाच पात्राची भूमिका घेऊन खेळू लागला की ते पात्र पहिल्याच घावाने मरणे त्यास रुचेना. अर्नेसन ह्यांनी पुढे मुलाखतीत सांगितल्याप्रमाणे त्यांनी ह्यावरचा तोडगा आपल्या जुन्या एका खेळातून उचलला. तो खेळ अमेरिकन यादवी युद्धातील चिलखती जहाजांचा होता. जहाज किती तडाखे सोसून तरंगत राहील ह्याचा जो अंक तेथे होता, तोच माणसास लावण्यात आला. ह्या अंकास मराठीत ‘प्राणांक’ म्हणावयास हरकत नसावी.

ही व्युत्पत्ती केवळ कुतूहलाची बाब नव्हे. जहाजास दुःख होत नाही. तडाखा बसल्यावर ते वेदनेने कण्हत नाही, की दुसऱ्या बाजूवर भार टाकून चालत नाही. ते तरंगते अथवा बुडते. माणसाच्या देहास जहाजाचे गणित लावले गेल्यामुळे ‘पूर्ण समर्थ’ आणि ‘मृत’ ह्या दोन टोकांमधील सारा प्रदेश रिकामा राहिला. गायगॅक्स ह्यांस ह्या विसंगतीची जाणीव होती. १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथात त्यांनी असे स्पष्टीकरण केले की प्राणांक म्हणजे निव्वळ शरीराची सहनशक्ती नव्हे. त्यात कौशल्य व दैव ह्यांचाही अंश आहे. म्हणजे आकडा राहिला, त्याचा अर्थ मात्र बदलून घ्यावा लागला.

पर्याय अगदीच अज्ञात होता असेही नाही. १९७५ साली निघालेल्या ‘ब्लॅकमूर’ ह्या पुरवणीत आघात कोणत्या अवयवावर झाला हे ठरविण्याचे नियम आढळतात, आणि ‘रूनक्वेस्ट’ (१९७८) ह्या खेळात डोके, हात, पाय ह्यांचे प्राणांक स्वतंत्र होते. परंतु कागदावर सहासात आकड्यांचा हिशेब ठेवणे जिकिरीचे होते. संगणकास हे ओझे वाटण्याचे कारण नव्हते. तरीही बहुसंख्य संगणक-खेळांनी एकच पट्टी स्वीकारली, कारण एक पट्टी एका दृष्टिक्षेपात वाचता येते. ‘डेउस एक्स’ (२०००) ह्या खेळाने अवयववार हिशेब ठेवून दाखविला. तेथे दोन्ही पाय निकामी झाले की पात्रास उभे राहता येत नाही. जखमेचे स्थान आणि क्रियेची मर्यादा ह्यांची सांगड येथे स्पष्टपणे घातलेली दिसते.

२

हालचालीचा इतिहास समजण्यासाठी प्रथम शत्रूकडे पाहिले पाहिजे. ‘झोंबी’ हा शब्द मध्य-पश्चिम आफ्रिकेतील कोंगो-समूहाच्या भाषांशी जोडला जातो. इंग्रजी लेखनात तो रॉबर्ट साउदीच्या ब्राझीलच्या इतिहासात १८१९ साली आढळतो. हैतीच्या लोकसमजुतीत झोंबी म्हणजे आत्मा हिरावून घेतलेला, दुसऱ्याच्या आज्ञेने राबणारा देह. फ्रेंच वसाहतीतील उसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून खपलेल्या लोकांच्या दृष्टीने मृत्यूनंतरही राबावे लागणे ह्याहून भीषण कल्पना दुसरी नव्हती. विल्यम सीब्रुकच्या १९२९ च्या प्रवासग्रंथाने ही कल्पना अमेरिकन वाचकांपर्यंत पोहोचविली.

जॉर्ज रोमेरो ह्याच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) ह्या चित्रपटाने नरभक्षक चालत्या प्रेतांची प्रतिमा रूढ केली, पण त्या चित्रपटात ‘झोंबी’ हा शब्द येत नाही; तेथे वापरलेला ‘घूल’ हा शब्द मूळचा अरबी. शब्द मागाहून चिकटला, चाल मात्र तेथून पुढे चालत आली : पाय फरफटत, हात लोंबकळत, संथ. ‘ट्वेंटी-एट डेज लेटर’ (२००२) सारख्या चित्रपटांनी धावणारा शत्रू आणीपर्यंत ही संथ चाल हेच त्या देहाचे ओळखचिन्ह होते.

ह्यातून खेळाच्या रचनाकारांपुढे एक पेच उभा राहिला. मृत आणि जिवंत ह्यांतील भेद चालीवरून कळतो. जिवंत माणूस जखमी होऊन लंगडू लागला की त्याची चाल मृताच्या चालीसारखी दिसू लागते. हा पेच म्हणजे ह्या प्रकारच्या खेळांना लाभलेली अर्थाची मोठीच संधी होती. ती प्रथम ओळखली ती जपानच्या कॅपकॉम संस्थेने.

‘रेसिडेंट ईव्हिल’ (१९९६) मध्ये प्रकृती आकड्याने न दाखविता हृदयस्पंदनाच्या आलेखाने दाखविली गेली; परंतु ती पाहण्यासाठी सामानाची पेटी उघडावी लागे. १९९८ च्या दुसऱ्या भागात जखमी पात्र पोट धरून चालते आणि अवस्था गंभीर झाली की लंगडते. म्हणजे चिन्ह पेटीतून बाहेर येऊन थेट देहावर उमटले. दहा वर्षांनी ‘लेफ्ट फोर डेड’ (२००८) ह्या खेळाने आकडा व चाल ह्यांचा मेळ घातला. शंभरापैकी प्राणांक चाळिसाच्या खाली गेला की पात्राचा वेग घटतो. तो संपला की पात्र जमिनीवर कोसळते आणि सोबत्याने हात दिल्याखेरीज उठू शकत नाही.

३

ह्या शेवटच्या नियमाचे महत्त्व फार मोठे आहे. जखमेमुळे माणूस दुसऱ्यावर अवलंबून होतो हे तोवर बहुतेक खेळांनी दुर्लक्षिलेले सत्य येथे नियमात आले. न्यूझीलंडचा डीन हॉल ह्याने २०१२ साली ‘आर्मा २’ ह्या सैनिकी खेळावर उभारलेल्या ‘डे-झेड’ ने ते सत्य अधिक कठोर केले. हॉल हा सैन्यात होता, आणि ब्रुनेईच्या अरण्यातील खडतर प्रशिक्षणाचा अनुभव त्याच्या रचनेमागे होता. त्याच्या खेळात प्रत्येक पात्रास रक्ताचे १२,००० एकक दिलेले असत. जखम बांधली नाही तर रक्त वाहत राही. हाड मोडले तर पात्रास सरपटावे लागे. रक्ताची पिशवी मात्र स्वतःची स्वतःला चढविता येत नसे. त्यासाठी दुसरा खेळाडू लागे, आणि तो दुसरा अनोळखी इसम सशस्त्र असे. त्याच्यापुढे निजून राहणे म्हणजे आपला जीव त्याच्या हाती देणे. जखमेने येथे दोन अपरिचितांमध्ये विश्वासाचा प्रश्न निर्माण केला. मात्र ह्याच खेळात मोडलेले हाड मॉर्फिनच्या एका सुईने तत्काळ सांधले जाई, हे शरीरशास्त्राशी सर्वथा विसंगत होते. मॉर्फिन वेदना शमविते, हाड जोडीत नाही.

वेदना आणि इजा ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत हे वैद्यकास पूर्वीच ज्ञात होते. हेन्री बीचर ह्या अमेरिकन डॉक्टराने दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या पाहणीवरून १९४६ साली असे दाखविले की गंभीर जखमा झालेल्यांपैकी बहुसंख्य सैनिकांनी वेदनाशामक औषध मागितले नाही. एका आकड्यात इजा, वेदना व सामर्थ्य ह्या तिन्ही गोष्टी कोंबल्या की हा भेद नाहीसा होतो.

हा भेद पाळण्याचा सर्वांत विस्तृत प्रयत्न ‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’ ह्या खेळात आढळतो. ब्रिटनमधील ‘इंडी स्टोन’ ह्या छोट्या संस्थेने २०११ पासून तो टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केला. १९९३ मधील केंटकी प्रांतात घडणाऱ्या ह्या खेळात देहाचे १७ भाग स्वतंत्र मोजले जातात. ओरखडा, फाटलेली जखम आणि चावा हे भेद तेथे निर्णायक आहेत. झोंबीच्या ओरखड्याने मारक संसर्ग होण्याचा संभव १०० त ७, फाटलेल्या जखमेने २५, आणि चाव्याने निश्चित. फुटलेल्या काचेवर अनवाणी चालल्यास तळपाय कापतो. उंचावरून पडल्यास पाय मोडतो. त्यास फळी व चिंध्या बांधून आधार द्यावा लागतो. पट्टी मळते व बदलावी लागते. वेदना स्वतंत्र मोजली जाते आणि ती झोपेच्या आड येते. डिसेंबर २०२१ मध्ये स्थिर झालेल्या ४१ व्या आवृत्तीने हालचालींचे नवे चित्रण आणले व पायाची जखम चालीतून दिसू लागली. डिसेंबर २०२४ मध्ये चाचणीसाठी खुल्या झालेल्या ४२ व्या आवृत्तीत शस्त्र वारंवार चालविल्याने स्नायूंवर येणारा ताणही मोजला जाऊ लागला. त्यावर अनेक खेळाडू नाराज झाले, आणि तो नियम सौम्य वा कडक करण्याची मुभा ठेवण्यात आली.

४

ह्या नाराजीत मूळ प्रश्न दडलेला आहे. देहाचे चित्रण जितके सूक्ष्म करावे तितका खेळ सरस होतो काय? इतिहास तसे सांगत नाही. पिंडरीचे मोडलेले हाड भरून येण्यास प्रत्यक्षात तीन ते सहा महिने लागतात. ‘झोम्बॉइड’ मध्ये मूळ मांडणीनुसार एक दिवस म्हणजे खेळाडूचा एक तास. तीन महिने यथातथ्य पाळावयाचे तर सुमारे नव्वद तास एका जखमेची शुश्रूषा करावी लागेल. काळाचा संकोच अटळ आहे. कशाचा संकोच करावा आणि कशाचा करू नये, एवढेच रचनाकाराच्या हाती आहे.

ह्या बाबतीत मराठी भाषेची रीत उद्बोधक वाटते. मराठीत ठेच लागते, पाय मुरगळतो, गुडघा फुटतो, कंबर लचकते, कोपर खरचटते, मुका मार बसतो. प्रत्येक इजेस तिचे क्रियापद आहे आणि बहुधा वाक्याचा कर्ता तो अवयवच असतो. ‘त्याला लागले’ ह्या वाक्यात तर माणूस कर्ता नसून चतुर्थीत येतो. जखम ही त्याने केलेली क्रिया नव्हे, त्याच्यावर ओढवलेली स्थिती आहे. प्राणांकाची पद्धत ही सर्व क्रियापदे पुसून ‘वजा होणे’ हे एकच क्रियापद ठेवते. अवयववार पद्धतीने स्थाने परत दिली; परंतु त्या स्थानांवर घडणारी क्रिया पुष्कळदा ‘वेग अमुक टक्क्यांनी घटणे’ एवढीच राहिली. तसे झाले की सतरा अवयव म्हणजे सतरा छोटी जहाजेच ठरतात.

खरा जखमी देह केवळ मंद होत नाही; तो निराळ्या रीतीने चालतो. दुखऱ्या पायावर तो कमी वेळ भार देतो. जिना चढताना धड पाय आधी टाकतो, उतरताना दुखरा. काठी तो दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरतो. उजवा हात बांधलेला असल्यास दार डाव्या हाताने उघडतो. ह्यात उणीव आहे तशी युक्तीही आहे. जखमेच्या नियमांत सुधारणा करावयाची ती ह्या दिशेने : दंडाची रक्कम वाढवून नव्हे, तर देहास पर्यायी मार्ग देऊन. काठी, खांदा, सोबती, विसावा ह्यांस नियमांत स्थान मिळाले तर लंगडणे हे पराभवाचे चिन्ह न राहता जगण्याची एक रीत होईल.

ह्यात करमणुकीपलीकडचे काही गुंतलेले आहे. जखमी माणूस म्हणजे घटलेला माणूस ही समजूत खेळांपुरती मर्यादित नाही. जे खेळ लक्षावधी तरुण तासन्‌तास खेळतात त्यांच्या नियमांतून अशी समजूत दृढ होते अथवा सैल होते. हैतीच्या मूळ कल्पनेत झोंबीची भीषणता त्याच्या संथ चालीत नव्हती. स्वतःच्या देहावरील स्वामित्व गमावण्यात होती. त्या कसोटीवर पाहिले असता जखमी परंतु आपल्या देहाशी तडजोड करीत वाट काढणारा माणूस हा झोंबीपासून सर्वांत दूरचा होय, मग दोघांची चाल दुरून सारखी का दिसेना. हा भेद पडद्यावर स्पष्ट करणे हेच ह्या खेळांच्या पुढील रचनेपुढील खरे कार्य आहे.