व्हिलिस्कातले साडेतीन तास

अमेरिकेच्या आयोवा राज्यात, नैर्ऋत्येला, रेल्वेच्या कडेला वसलेलं व्हिलिस्का. १९१२ साली वस्ती दोन-अडीच हजारांची. या गावात ९ आणि १० जूनच्या मधल्या रात्री आठ माणसं झोपेत मारली गेली, त्यातली सहा लहान मुलं. खुनी आजतागायत सापडलेला नाही. तो का निसटला, याचं उत्तर माझ्या मते त्या रात्रीत जेवढं आहे त्याहून अधिक दुसऱ्या दिवशीच्या सकाळी आहे. म्हणून हा घटनाक्रम खुनापाशी थांबत नाही.

आधी दोन घरांविषयी. त्रेचाळीस वर्षांचे जोसाया मूर, गावाचे ‘जो’, शेतीच्या अवजारांचे व्यापारी. पूर्वी ते फ्रँक जोन्स यांच्या दुकानात नोकरीला होते. जोन्स म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. व्यापार, बँक, राज्याच्या राजकारणात वजन, पुढे सिनेटर. १९०७च्या सुमारास जो बाहेर पडले, स्वतःचं दुकान थाटलं आणि जॉन डिअरच्या नांगरांची एजन्सीही त्यांच्याकडे गेली. जोन्सना हे झोंबलं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

रविवार, ९ जून, सकाळ. गावाबाहेरच्या शेतावरून स्टिलिंजरांच्या दोन मुली, लीना आणि आयना, चर्चला निघतात. बेत असा की दुपारी आजीकडे जेवायचं, संध्याकाळी चर्चमधला मुलांचा कार्यक्रम पाहायचा आणि रात्री आजीकडेच मुक्काम.

संध्याकाळ. बेत बदलतो. मूरांची कॅथरीन दोघींना आपल्याकडे राहायला बोलावते. जो स्टिलिंजरांच्या घरी फोन करतात. आईवडील बाहेर असतात, मोठी बहीण फोन घेते आणि निरोप सांगते म्हणते. या संपूर्ण प्रकरणात मला सगळ्यात असह्य होतो तो हा फोन. एका जबाबदार माणसाने रीतसर परवानगी मागितली, एवढंच तर घडलं होतं.

रात्री आठ. प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये ‘चिल्ड्रन्स डे’. आपल्याकडच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासारखाच प्रकार: गाणी, पाठांतरं, नवे कपडे, समोर बसलेले आईबाप. कार्यक्रम बसवणाऱ्यांत जो यांच्या पत्नी सारा मूर आहेत. मूरांची चारही मुलं, अकरा वर्षांच्या हर्मनपासून पाच वर्षांच्या पॉलपर्यंत, तिथे आहेत. श्रोत्यांत एक फिरता धर्मोपदेशकही आहे, इंग्लंडहून आलेला जॉर्ज केली. त्याचं नाव पुढे येईल.

साडेनऊ. कार्यक्रम संपतो. मूर कुटुंब आणि दोन पाहुण्या मुली चालत घरी निघतात आणि दहाच्या आत पोहोचतात. आईवडील आणि चार मुलं माडीवर झोपतात, लीना आणि आयना खालच्या खोलीत.

मध्यरात्रीनंतर. नेमकी वेळ कोणालाच सांगता आली नाही. मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात, असा डॉक्टरांचा अंदाज होता. शस्त्र म्हणजे जो मूर यांचीच कुऱ्हाड. जो यांच्यावर पात्याने वार झाले, बाकीच्यांवर तुंब्याच्या बाजूने. माडीवरच्या छतावर कुऱ्हाड उगारल्याच्या खुणा राहिल्या. लीनाच्या हातावरच्या जखमेवरून ती एकटीच जागी झाली असावी, असं मानलं गेलं. याहून जास्त तपशील मी देणार नाही. त्या खोल्यांचं वर्णन चवीने करणारं बरंच लिहून झालेलं आहे आणि त्यातून खुन्याचं नाव काही कळलेलं नाही.

खुनी घाईत नव्हता, हे मात्र सांगायला हवं. त्याने मृतांचे चेहरे कपड्यांनी झाकले, आरशांवर कपडे टाकले, पडदे नसलेल्या खिडक्याही झाकल्या. काच काढून वात बारीक केलेला कंदील सापडला. कुऱ्हाडीजवळ डुकराच्या खारवलेल्या मांसाचा जाड तुकडा पडला होता. तो कशासाठी, हे कोणालाच उलगडलं नाही. दार बंद करून तो गेला.

सोमवार, १० जून, पहाटे पाच. सोमवार हा धुण्याचा दिवस. शेजारच्या पेकमबाई कपडे वाळत घालायला बाहेर येतात. साधारण त्याच सुमारास, पाच-वीसच्या आसपास, केली गाडीने गाव सोडतो.

सात. मूरांच्या घरात हालचाल नाही. चार मुलांचं घर, दारात गुरं-कोंबड्या, आणि एवढा वेळ शांत? पेकमबाई दार ठोठावतात. दाराला कुलूप. त्या कोंबड्या मोकळ्या सोडतात आणि जो यांच्या भावाला, रॉसला, कळवतात.

आठच्या सुमारास. रॉस हाका मारतो, खिडकीतून डोकावतो, शेवटी आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडतो. बैठकीच्या खोलीतून आतल्या खोलीचं दार ढकलतो आणि पलंग पाहून तसाच मागे फिरतो. माडीवर जात नाही. पोलीस अधिकारी हँक हॉर्टन यांना बोलवा, एवढंच पेकमबाईंना सांगतो.

साडेआठ. हॉर्टन येतात, घरभर फिरतात आणि आठही मृतदेह पाहून बाहेर येतात. या क्षणी घर खुन्याने सोडलं तसंच आहे.

साडेआठ ते बारा. खुन्याचा माग इथेच पुसला गेला. बातमी गावभर पसरली आणि माणसं लोटली. डॉक्टर आले, चर्चचे धर्मगुरू आले, इथवर ठीक. मग शेजारी, दुकानदार, ओळखीचे, बिनओळखीचे. शंभरेक माणसं त्या घरातून फिरली असं सांगितलं जातं. खोल्याखोल्यांतून जाऊन, मृतदेह पाहून, वस्तूंना हात लावून लोक बाहेर येत राहिले आणि त्यांना अडवणं हॉर्टन आणि इतर अधिकाऱ्यांच्या हाती राहिलं नाही. दुपारी बाराच्या सुमारास नॅशनल गार्डचे जवान आले, तेव्हा कुठे घराला पहारा बसला.

त्या काळी पुराव्याचं एवढं महत्त्व कोणाला कळत होतं, असं म्हणून हे सोडून देता येत नाही. बोटांच्या ठशांची कचेरी आपल्याकडे कलकत्त्यात १८९७ सालीच सुरू झाली होती. आयोवाशेजारच्या इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठशांचा पुरावा डिसेंबर १९११मध्ये मान्य केला होता, म्हणजे या खुनांच्या जेमतेम सहा महिने आधी. व्हिलिस्कासाठीही लेव्हनवर्थच्या तुरुंगातून ठशांचे जाणकार बोलावले गेले. पण शंभर माणसांनी हाताळलेल्या घरात त्यांच्या हाती काय लागणार?

सोमवारची रात्र. दहाच्या सुमारास मृतदेह अग्निशमन केंद्रात हलवले गेले. नेब्रास्कातून माग काढणारे कुत्रे आणले होते. ते नदीपर्यंत गेले आणि तिथे माग तुटला.

इथून पुढे तासांचा हिशेब संपतो, वर्षांचा सुरू होतो. पुरावा नसलेल्या गावात संशयाला मोकळं रान मिळालं. बर्न्स या खासगी गुप्तहेर संस्थेचा जेम्स विल्करसन आला आणि त्याने थेट जोन्सांकडे बोट दाखवलं: एजन्सीच्या रागातून सिनेटरांनी विल्यम मॅन्सफिल्ड नावाच्या माणसाला सुपारी दिली. जोच्या आणि जोन्सांच्या सुनेच्या संबंधांची कुजबुजही यात ओढली गेली. त्या कुजबुजीला कधीच पुरावा मिळाला नाही. गाव उभं चिरलं. जोन्सांच्या मेथडिस्ट चर्चचे लोक त्यांना निर्दोष मानत, मूरांच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे लोक दोषी. १९१६ साली मॅन्सफिल्डला पकडून आणलं, तर खुनांच्या वेळी तो इलिनॉयमध्ये कामावर असल्याचं पगाराच्या नोंदींतून दिसलं. तो सुटला, विल्करसनवर त्याने दावा लावला आणि २,२२५ डॉलर मिळवले. जोन्सांनीही बदनामीचा दावा लावला, पण ते हरले. सिनेटची जागाही गेली. त्यांच्यावर खुनाचा खटला मात्र कधीच उभा राहिला नाही, म्हणजे निर्दोष ठरायची संधीही त्यांना मिळाली नाही.

मग पाळी आली पहाटेच्या गाडीने गेलेल्या केलीची. १९१७च्या ऑगस्टमध्ये त्याने कबुलीजबाबावर सही केली आणि नंतर तो नाकारला. सप्टेंबरच्या खटल्यात ज्यूरीचं एकमत झालं नाही. अकरा जण सुटकेच्या बाजूने, एक विरुद्ध. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. रेल्वेने गावोगाव फिरून कुऱ्हाडीने कुटुंबंच्या कुटुंबं मारणाऱ्या एखाद्या परक्याचा हा उद्योग असावा, हा तर्क तेव्हाही होता; १९११ साली कोलोरॅडो स्प्रिंग्जला आणि कॅन्ससमधल्या एल्सवर्थला असेच खून झाले होते. मला हाच तर्क पटतो. पण तो सिद्ध करू शकेल असं जे काही होतं ते त्या घरात होतं, सोमवारी सकाळी साडेआठपर्यंत.

मूरांचं घर आज डागडुजी करून १९१२च्या रूपात ठेवलेलं आहे. तिथे रात्रभर राहण्यासाठी लोक पैसे मोजतात.