पाणी तापवणाऱ्यांची नोंदवही

आपल्या तलावाचा हीटर आता ११ वर्षांचा झाला. प्रत्येक सभेत ‘काढून टाका, नवा घ्या’ म्हणणारे असतात आणि ‘अजून पाच वर्षं सहज जाईल’ म्हणणारेही असतात. नवा घ्यायचा तर प्रत्येक फ्लॅटमागे वर्गणी आली. नाही घेतला आणि ऐन डिसेंबरात जुना बंद पडला, तर गुडघे-कंबर धरलेल्यांची सकाळची बॅच बंद. मी स्वतः त्या बॅचमध्ये आहे, तेव्हा या लेखात थोडा स्वार्थ आहे हे वाचकांनी धरून चालावं.

संपादक मंडळाने इतिहासावर लिहा म्हटलं, म्हणून या हीटरच्या पूर्वजांकडे वळतो.

रोम शहरात गरम पाण्याचा पोहण्याचा तलाव प्रथम बांधला तो मायसीनसने, असं इतिहासकार डिओ कॅशियस सांगतो. सम्राट ऑगस्टसचा हा मित्र इ.स.पूर्व ८ मध्ये वारला. म्हणजे ही हौस दोन हजार वर्षांहून जुनी! स्नानगृहातलं पाणी कसं तापवायचं, ते त्याच काळातल्या व्हिट्रूवियस या वास्तुकाराने लिहून ठेवलंय. भट्टीवर काशाचे तीन हंडे: गरम, कोमट आणि गार. गरम हंड्यातून जेवढं पाणी काढाल तेवढं कोमट हंड्यातून त्यात येतं, आणि कोमट हंड्यात गार हंड्यातून. आपल्यापैकी ज्यांच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब होता त्यांना यात नवल वाटणार नाही. वरून गार पाण्याचा तांब्या ओतला की तोटीतून कढत पाणी बाहेर, तोच हिशेब. गरम खोलीची फरशी विटांच्या खांबांवर उचललेली असे. तिच्याखालच्या जमिनीला उतार असा द्यायचा, की आत टाकलेला चेंडू आपोआप घरंगळत भट्टीच्या तोंडाशी परत यावा. म्हणजे ज्वाळा आतवर नीट पसरते. एवढा बारीक विचार!

पण बांधणाऱ्याचं नाव होतं, चालवणाऱ्याचं होत नाही. म्हणून मला या सगळ्यांत जास्त जवळचा वाटतो तो फ्रॉन्टिनस. इ.स. ९७ मध्ये सम्राट नर्वाने त्याला रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख नेमलं. पाण्यातला साका कधी कधी घट्ट होऊन कवच धरतो आणि पाण्याची वाट अरुंद होते, हे त्याने स्पष्ट लिहिलंय. (फ्रान्समधल्या नीम शहराच्या रोमन कालव्यात हा चुन्याचा थर काही ठिकाणी जवळजवळ हातभर जाड सापडला.) दुरुस्ती उन्हाळ्यात काढू नका, तेव्हा पाण्याची गरज जास्त, वसंतात किंवा शरदात काढा आणि झटपट उरका, हाही त्याचाच सल्ला.

त्याच्या हाताखाली ७०० माणसं होती, २४० सरकारी आणि ४६० सम्राटाची. त्यांना मुकादम लोक खासगी कामांना जुंपत. फ्रॉन्टिनसने काय केलं? उद्या कोणी काय करायचं ते आदल्या दिवशी सांगायचं आणि दिवसभरात काय झालं ते नोंदवायचं, असा नियम घातला. झालं! आमच्या बँकेत इन्स्पेक्शनला आलेला साहेबही याहून वेगळं काय सांगत होता?

चुन्याचं गणित मात्र सुटायला १९३६ साल उजाडलं. अमेरिकेतल्या विल्फ्रेड लँजेलिअर यांनी पाण्याचा पीएच, कॅल्शियम, क्षारता, विरघळलेले क्षार आणि तापमान यांवरून एक आकडा काढायची रीत दिली. आकडा शून्याच्या वर गेला की पाणी चुना साठवतं, खाली गेला की चुना विरघळवू लागतं. पाणी तापलं की आकडा वर सरकतो. त्यामुळे तलावात इतरत्र काही दिसत नसताना हीटरच्या नळ्यांत थर बसायला सुरुवात झालेली असते. थर बसला की उष्णता पाण्यात नीट जात नाही, यंत्र जास्त वेळ चालतं आणि बिल वाढतं.

आता आपल्याकडे. आपला हीटर हा हीट पंप आहे, हवेतली उष्णता पाण्याला देणारा. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायचा. क्लोरीन सोडायची जागा पाण्याच्या वाटेवर हीटरच्या पुढे हवी, आधी नको. तीव्र क्लोरीन थेट आत गेलं की झीज होते. बाहेरच्या जाळीवर धूळ आणि सुकी पानं साचू द्यायची नाहीत, तिथे कुंड्या तर मुळीच नकोत. रात्री तलावावर कव्हर ओढायचं, कारण सगळ्यात जास्त उष्णता बाष्पीभवनाने उडते. कव्हर आपल्याकडे आहे, घडी घालून ठेवलेलं! मार्चपासून टँकर सुरू झाले की पाणी बदलतं, तेव्हा चाचणी दर आठवड्याला हवी.

पंपरूममध्ये खिळ्याला एक वही टांगलेली आहे. तिच्यात शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची आहे. ती रोज भरायला मी आणि सकाळच्या बॅचमधले आणखी दोघे तयार आहोत. हीटर बदलायचा विषय वार्षिक सभेत येईलच. त्याआधी जाणकार मेकॅनिककडून नळ्यांची तपासणी करून घ्यावी, आत किती थर आहे ते लेखी घ्यावं आणि तो कागद नोटीस बोर्डावर लावावा. मग मतदान करू.