भांडं वाजायलंय

बार्शीच्या स्टँडवर निम्मी गाडी रिकामी होते. तेवढ्यात खिडकीची जागा धरा. साल २००३, महिना जून. पुण्याहून सुटलेली एसटी आता रामलिंगाच्या डोंगराकडे निघालीय. पाटीवर उस्मानाबाद लिहिलंय. धाराशिव व्हायला अजून वीस वर्षं आहेत. शेजारच्या पोराच्या मांडीवर सॅक आहे. ती वर टाक म्हणून कंडक्टरने दोनदा सांगून झालं, पोरगा ऐकत नाही. आत इंजिनिअरिंगची पुस्तकं, मावशीसाठी बाकरवडीचा पुडा आणि बनियनच्या घडीत गुंडाळलेली एक सीडी. तिच्यावर निळ्या मार्करने, वाकड्या अक्षरात लिहिलंय: सेंट अँगर.

मेटॅलिकाचा नवा अल्बम. नव्या गाण्यांचा याआधीचा अल्बम १९९७ चा, म्हणजे चाहत्यांनी जवळपास सहा वर्षं वाट बघितलीय. हा १० जूनला यायचा होता, पण इंटरनेटवर आधीच फुटेल या धास्तीने पाच दिवस अलीकडे ओढला. लोक फुकट गाणी उतरवून घेतात म्हणून २००० साली नॅपस्टरला कोर्टात खेचणारा बँड तो हाच. आणि त्यांचा हा माल एका होस्टेलच्या लॅनवरून कोऱ्या सीडीवर चढून, येडशीमार्गे, लाल डब्यातून मराठवाड्यात शिरतोय. पैसे फक्त एसटीला मिळालेत. नीतीच्या गोष्टी आत्ता काढू नका. ओरिजिनल घ्यायची म्हटली तरी सोलापूर नाहीतर पुणं गाठायचं, तिथेही मिळेलच याचा भरवसा नाही.

मावशीच्या घरी पोचल्यावर पोरगा चहाही घेत नाही, सरळ मधल्या खोलीत शिरतो. असेंबल केलेला कॉम्प्युटर, मॉनिटरवर क्रोशाचा रुमाल, दोन छोटे स्पीकर. दोघे आधीच येऊन बसलेत. एक धाकटा मावसभाऊ. दहावीची परीक्षा दिलेला, लिंकिन पार्कच्या 'मीटिओरा'वर पोसलेला. दुसरा मित्र सकाळच्या गाडीने तुळजापूरहून आलाय. त्याच्या घरी संबळ आहे. वडील-चुलते लग्नसराईत गोंधळाला जातात, त्यामुळे वाद्याच्या बाबतीत हा कुणाचं ऐकून घेत नाही. आणि मेटॅलिकाचा 'ब्लॅक अल्बम' त्याला गोंधळातल्या कथेइतकाच तोंडपाठ आहे. तुम्ही दाराजवळच्या पोत्याला टेकून बसा. पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. बोलायचं मात्र नाही.

'फ्रॅन्टिक' सुरू होतं. गिटार बरी आहे, राग खरा वाटतो. मग ड्रम येतो, आणि तिघे एकमेकांकडे बघतात.

टण्. टण्. टण्.

"राइट करताना बोंबललीय."

"स्पीकर गेला असंल."

स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज येतो, "पत्र्यावर माकडं आलीत का बघा रं कुणीतरी!"

खरंच स्पीकर गेला का, हे बघायला ते 'ब्लॅक अल्बम' लावतात. 'सॅड बट ट्रू'. तोच ड्रमर, तोच निर्माता, बारा वर्षांपूर्वीचं रेकॉर्डिंग. ठोका छातीवर बसतो. स्पीकर ठणठणीत आहेत. परत नवी सीडी. टण्. पुण्याचा पोरगा विनॅम्पचा इक्वलायझर उघडून एकेक दांडी खाली-वर करतो. एमपीथ्री करताना आवाज मारला गेला असेल, एकशे अठ्ठावीसवर केलीय, होस्टेलवाल्याला अक्कल नाही, वगैरे. दांड्या सरकतात तसा टण् चा टुण् होतो. त्यापलीकडे काही नाही. त्याचा चेहरा जरा नीट बघा. अल्बम वाईट असू शकतो हे त्याच्या यादीत शेवटचं कारण आहे. आधी सीडी वाईट, मग स्पीकर, मग होस्टेलवाला.

तुळजापूरचा मित्र एवढा वेळ डोळे मिटून बसलाय. आता तो बोलतो.

"सीडी चांगलीय. कातडं वाजंना गेलंय. भांडं वाजायलंय."

एका वाक्यात त्याने निकाल लावला, आणि तो बरोबर आहे. स्नेअर ड्रमच्या खालच्या कातड्याला तारांच्या बारीक स्प्रिंगांचा पट्टा लागून असतो. बाजूची खिट्टी ओढली की पट्टा कातड्याला चिकटतो आणि ठोक्याला ती ओळखीची चर्र मिळते. मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिकने या अल्बमला पट्टा सोडून ठेवला. मग उरतो नुसता घुमणारा नाद. संबळाची दोन भांडी कमरेला बांधून, टोकाला वळलेल्या काडीने रात्र काढणाऱ्या घरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात हलगी सैल पडली की वाजवणारा ती आधी जाळावर शेकून घेतो, बोटाने टिचकी मारून बघतो, मगच गळ्यात अडकवतो. वाद्य लावल्याशिवाय वाजवायला उभं राहणं ही तिथे लाजेची गोष्ट.

दुसरं गाणं, अल्बमच्या नावाचंच, जेमतेम निम्मं होतं आणि लाइट जाते. पंखा घरघरत थांबतो. पोरं ओसरीवर येतात. लाइट यायला वेळ आहे, तेव्हा तुम्ही एवढ्यात एक फेरी मारून या.

उतरा थेट कॅलिफोर्नियात, सॅन राफेलच्या स्टुडिओत, २००२ मध्ये. बेसिस्ट जेसन न्यूस्टेड २००१ च्या जानेवारीत बँड सोडून गेलाय. त्याच्या जागी निर्माता बॉब रॉक स्वतःच बेस वाजवतोय. गायक जेम्स हेटफील्ड दारूच्या व्यसनावरच्या उपचारांसाठी बरेच महिने गायब होता. परतलाय तो अट घेऊन. दुपारी बारा ते चार, एवढंच काम. चारच्या ठोक्याला तो निघतो आणि मागे राहिलेल्यांनी त्याच्या गैरहजेरीत गाणी ऐकायचीही नाहीत. लार्सचा संताप होतो, तो खोलीत येरझारा घालतो. (उस्मानाबादेत लाइटचं वेळापत्रक असतं, इथे गायकाचं.) कोपऱ्यात स्वेटर घातलेला एक गृहस्थ बसलाय तो फिल टाउल, बँडमधली भांडणं सोडवायला महिना चाळीस हजार डॉलरवर ठेवलेला समुपदेशक. आणि हे सगळं दोन दिग्दर्शक, जो बर्लिंजर आणि ब्रूस सिनोफ्स्की, कॅमेऱ्यात घेताहेत.

कर्क हॅमेटकडे बघा, गिटारवाला. शांत माणूस. सोलो ठेवायचेच नाहीत, असं ठरत चाललंय, कारण सध्या कुणी सोलो वाजवत नाही. तो म्हणतो की सोलो काढले तर उलट हा अल्बम याच काळाला चिकटून बसेल. कुणी मनावर घेत नाही. अकरा गाण्यांत एकही सोलो नाही. आणखी एक जण लक्षात ठेवा: लार्सचे वडील, टॉर्बन उलरिक. डेन्मार्कचे जुने टेनिसपटू, संगीतावर लिहिणारे, छातीपर्यंत दाढी. पोरगा त्यांना सुरुवातीच्या काळातला एक तुकडा मोठ्या उमेदीने ऐकवतो. म्हातारा जराही आढेवेढे न घेता सांगतो की हा पुसून टाक. आपल्याकडे एवढं स्पष्ट फक्त सासरे बोलतात.

मला विचाराल तर या अल्बमचा दोष त्या टण् मध्ये नाही. टण् चार-पाच गाण्यांपुरता कानाला सवयीचा होतो. दोष लांबीत आहे: अकरा गाणी, पंचाहत्तर मिनिटं. तोच रिफ पुन्हा येतो, पुन्हा येतो, आणि आता वळेल म्हणावं तर परत येतो. एरवी शब्द हेटफील्डचे असायचे. या वेळी सगळ्यांनी मिळून लिहिले. घरात भांड्याला भांडं लागू नये म्हणून प्रत्येकाचं सगळं ठेवून घेतलं, आणि नको म्हणणारं कुणी उरलं नाही. दुरुस्त झालेली माणसं ऐकू येतात, लावलेलं वाद्य ऐकू येत नाही.

लाइट आली. परत चला.

उरलेला अल्बम संपेपर्यंत संध्याकाळ होते. धाकटा खूश आहे. त्याला सोलोची सवयच नाही. कुणीतरी इतकं उघड चिडलेलं त्याला पुरतं, दहावीचा निकाल अजून लागायचाय. पुण्याचा पोरगा गप्प. तुळजापूरचा म्हणतो, "वाद्य लावलं न्हाई ही चूक. पर माणूस चिडून वाजवायलाय, ते खोटं न्हाई." तेवढ्यात धाकट्याचे थोरले दादा ऑफिसातून येतात, पँटची क्लिप काढत सायकल भिंतीला लावतात आणि दारातूनच विचारतात, "काय रे, परत केस कापले का त्यांनी?"

हा टोमणा जुना आहे. १९९६ च्या जूनमध्ये 'लोड' आला तेव्हा दादा कॉलेजात होते. सोलापुरातून कॅसेट आणली, बघतात तर चौघांचे केस कापलेले आणि आत थ्रॅशचं नाव नाही. त्यांनी बँडशी बोलणं सोडलं ते आजतागायत. 'लोड' आता तुम्हाला बराच चांगला वाटतो, हे त्यांना सांगायच्या भानगडीत पडू नका.

पुढचे दोन महिने याच घराजवळ राहा. बघण्यासारखं ते आहे. पुण्याचा पोरगा जाताना सीडी इथेच ठेवून गेलाय आणि तुळजापूरचा दर रविवारी येऊन ती ऐकतोय. आवडली म्हणून नाही. मुंबईतला चाहता पहिल्या आठवड्यात नाक मुरडून दुसऱ्या बँडकडे वळू शकतो, त्याच्याजवळ दुकान आहे, मित्रांचे संच आहेत. इथे एका अल्बमसाठी एका माणसाला दिवसभर एसटीत बसून यावं लागतं. दुसरा अल्बम दिवाळीच्या सुट्टीत येणार. तोवर जे आहे ते ऐकायचं, उलटून-पालटून ऐकायचं, आणि ऐकता ऐकता त्यातलं बरं काय ते हुडकून काढायचं. पदरात पडलं, पवित्र झालं. चौथ्या रविवारी त्याला 'डर्टी विंडो' जमतं. सातव्या रविवारी तो मांडीवर त्याचा ठेका धरतो. गावाकडच्या चाहत्याला शहरातले लोक भाबडा म्हणतात. मला तो सगळ्यात चिवट समीक्षक वाटतो. वाईट अल्बम इतक्या कष्टाने कुणी ऐकलेला नसतो.

आता जरा भराभर पुढे या. अमेरिकेत अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला होताच. २००४ च्या फेब्रुवारीत त्याच्या शीर्षकगीताला मेटलचं ग्रॅमीही मिळतं. त्याच वर्षी ती डॉक्युमेंटरी येते, 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर', आणि अल्बमला शिव्या घालणारेही ती आवडीने बघतात. भांडणं गाण्यांपेक्षा रंगली होती. २००८ च्या सप्टेंबरात 'डेथ मॅग्नेटिक' येतो. सोलो परत, ड्रमची चर्र परत. पण आवाज इतका दाबून चढवलाय की तो फाटतो, आणि तीच गाणी 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममध्ये जास्त स्वच्छ ऐकू येतात. चाहते पुन्हा दोन तट करून भांडतात. टण् बद्दल लार्सला लोक वर्षानुवर्षं विचारत राहतात. मुद्दाम केलं होतं, आजही त्यामागे उभा आहे, असं तो सांगत राहतो.

२०११, ऑक्टोबरची अखेर. सोलापूर स्टेशनवर उद्यान एक्स्प्रेस पकडा, तिघेही त्याच डब्यात आहेत. पुण्याचा पोरगा आता नोकरीला, पोट सुटलेलं. धाकटा रात्रभर झोपलेला नाही, कारण २८ तारखेचा गुरगावचा कार्यक्रम ऐन वेळी रद्द झाला, चिडलेल्या लोकांनी स्टेजची मोडतोड केली, आणि बंगळूरचं काय होणार हे कुणालाच कळत नाहीये. ३० तारखेला पॅलेस ग्राउंडवर मात्र दिवे लागतात आणि मेटॅलिका पहिल्यांदाच भारतात वाजवतो. गर्दीत तुमची चप्पल हरवते. तुळजापूरचा गोंगाटातही मान तिरकी करून पहिल्या गाण्याचा ड्रम ऐकतो आणि तुमच्या कानाशी ओरडतो, "आज कातडं वाजायलंय!"

दुसऱ्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, घसे बसलेल्या अवस्थेत तिघे परतीच्या गाडीत चढतात. आणि बँडचा मुहूर्त बघा: त्याच दिवशी युरोपात 'लुलू' बाजारात येतो, लू रीडबरोबर केलेला. पुढे 'सेंट अँगर'लाही लोकांनी बरं म्हणावं इतक्या शिव्या त्याला पडणार आहेत. त्यातली काही गाणी आधीच बाहेर आलीत आणि धाकट्याच्या मोबाइलवर आहेत. एक इअरफोन पुण्याच्या कानात, एक तुळजापूरच्या. वर म्हातारा लू रीड बोलल्यासारखा गातोय, खाली गिटार.

"हे काय आहे?" पुण्याचा इअरफोन काढून टाकतो. "बंद कर. कालचं तोंडात आहे ते राहू दे."

"म्हातारा कोण हाय पर?" तुळजापूरचा विचारतो. धाकटा सांगतो तेवढं ऐकून घेतो, आणि सुटलेला इअरफोन स्वतःच्या दुसऱ्या कानात घालतो.

"परत लाव. वाडीपर्यंत ऐकतो, मग बोलू."