आकृतीत दिसलं, पण सांगितलं कुठे?

नेट किंवा पेटच्या पेपरात 'विधान आणि गृहीतक' आलं की बरेच जण 'हे खरं वाटतंय' म्हणून पर्याय निवडतात. मार्क जातात ते तिथेच. प्रश्न खरेपणाचा नसतोच. कशावाचून युक्तिवाद कोसळेल, एवढंच विचारलेलं असतं. हा फरक एका जुन्या उदाहरणातून बघूया.

इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास युक्लिडने 'एलिमेंट्स' लिहिला. सुरुवातीलाच पाच गृहीतकं उघड मांडली. त्यानंतरचं पहिलंच प्रमेय म्हणजे दिलेल्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण काढणं. कृती शाळेतलीच: अ केंद्र घेऊन अब त्रिज्येचं एक वर्तुळ, ब केंद्र घेऊन तेवढंच दुसरं. दोन्ही छेदतात तो बिंदू क. झाला त्रिकोण!

आता सांगा, वर्तुळं छेदतातच हे पाचपैकी कोणत्या गृहीतकात आहे? कशातच नाही. आकृतीत दिसतं म्हणून आपण मान डोलावतो.

नकार देऊन बघा. समजा, प्रतलावर फक्त परिमेय निर्देशकांचे बिंदू आहेत. अ (0, 0) आणि ब (1, 0). पाचही गृहीतकं इथे टिकतात. पण क ची उंची येते 3 च्या वर्गमुळाच्या निम्मी, म्हणजे अपरिमेय. तो बिंदू इथे नाहीच, आणि त्याच्यासोबत सिद्धताही गेली. म्हणजे 'वर्तुळं छेदतात' हे न सांगितलेलं गृहीतक होतं.

निष्कर्ष बरोबर असल्यामुळे ही फट सहज नजरेआड होते. रेषेचं सातत्य म्हणजे नेमकं काय, हे डेडेकिंड यांनी 1872 मध्ये मांडलं. 1899 मध्ये हिल्बर्ट यांनी भूमितीची गृहीतकं नव्याने रचली. मधे जवळजवळ 2200 वर्षं गेली.

हीच युक्ती परीक्षेत वापरा. विधान: 'ग्रंथालय रात्री बारापर्यंत उघडं ठेवा, म्हणजे निकाल सुधारेल.' पर्याय एक: सध्याचा निकाल वाईट आहे. नकार द्या, निकाल चांगला असला तरी आणखी सुधारू शकतो, म्हणून हे गृहीतक नाही. पर्याय दोन: वाढीव वेळेचा काही विद्यार्थी तरी उपयोग करतील. नकार द्या, कुणीच फिरकलं नाही, तर सगळंच ढासळतं. हेच गृहीतक.

पुढे संशोधन आराखडा लिहाल तेव्हा पर्याय छापून मिळणार नाहीत. तेव्हा प्रत्येक 'म्हणून' शब्दापाशी थांबा आणि आधीच्या वाक्यातून पुढचं खरोखर निघतं का, ते तपासा.