चिमूटभर मीठ, मूठभर गूळ



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या एका गटाची मासिक बैठक होती. हप्ते गोळा झाले, ठराव लिहून झाला आणि आशाताईंनी ओआरएसच्या पुड्या वाटायला काढल्या. पुडी पाण्यात कशी कालवायची ते त्या दाखवत होत्या. आम्ही सगळ्या अर्धं लक्ष देऊन ऐकत होतो, कारण हे आम्हाला पाठ आहे असं आम्हाला वाटतं. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या आक्कांनी विचारलं, "हे पाणी निघालं कधी गं?"

आक्का गटातल्या सगळ्यांत जुन्या सभासद, सत्तरी ओलांडलेल्या. आम्हाला वाटलं, सहज विचारतायत. पण मग त्या बोलत राहिल्या. बाहत्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायला जायच्या. पहिली मुलगी दीड वर्षाची, कामाच्या जागी झाडाखाली झोळीत. तिला जुलाब लागले. पोर तांब्याकडं बघून रडायची. सोबतच्या बाया म्हणाल्या, पाणी पाजू नको, पाण्यानं आणखी वाहील. आक्कांनी तांब्या लांब नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पोर गेली. "तेव्हा हे पाणी कुणाला ठाऊक होतं का, एवढंच सांगा," आक्का म्हणाल्या.

आम्हाला उत्तर देता आलं नाही. नंतर आम्ही तिघी-चौघींनी मिळून वाचलं, तालुक्याच्या डॉक्टरबाईंना विचारलं. जे सापडलं ते आज तुम्हालाही सांगतो.

जुलाबाच्या रोगांतला सगळ्यांत भयंकर म्हणजे कॉलरा, आपली पटकी. हा शब्द आता बहुतेक शिव्याशापांतच उरलाय, पण आपल्या आज्या-पणज्यांनी तो रोग डोळ्यांनी पाहिला. साथ आली की मरीआईचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचे. रोग्याला तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात, डोळे खोल जातात, हातपाय गार पडतात आणि धडधाकट माणूस काही तासांत जातो. त्याचा जीव जातो तो अंगातलं पाणी आणि मीठ संपल्यामुळं. हे विलायतेतल्या डॉक्टरांच्या फार पूर्वी लक्षात आलं होतं. १८३२ साली थॉमस लॅटा नावाच्या स्कॉटलंडच्या डॉक्टरनं मिठाचं पाणी सुईनं थेट शिरेत सोडलं आणि मरणाच्या दारातली काही माणसं उठून बसली. सलाईनची सुरुवात ती. पण सलाईनला सुई लागते, निर्जंतुक बाटली लागते, शीर शोधणारा हात लागतो. साथ येते ती नेमकी जिथं यातलं काहीच नसतं तिथं.

मग तोंडानंच का नाही पाजायचं? हा प्रश्न कुठल्याही आईला पडेल. पण डॉक्टरांची समजूत अशी होती की जुलाबात आतडं निकामी झालेलं असतं, ते काही शोषून घेणार नाही. १९५३ साली कोलकात्याच्या डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जींनी पटकीच्या १८६ रोग्यांना मीठ आणि ग्लुकोजचं पाणी तोंडानं दिलं आणि ते बरे झाल्याचं 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. त्यांनी किती पाणी आत गेलं, किती बाहेर पडलं याची मापं ठेवली नव्हती, असा आक्षेप होता. आक्षेप खोटा नव्हता. पण तो घेऊन पुढची पंधरा वर्षं गप्प बसायचं, की कुणी तरी मापं घेऊन बघायचं? आम्हाला वाचताना राग आला तो इथं. मधल्या काळात फिलिपिन्समध्ये असाच एक प्रयोग झाला, तिथं पाण्यातलं प्रमाण चुकलं आणि काही रुग्ण दगावले. त्यामुळं मोठे डॉक्टर आणखी बिचकले.

शास्त्राचा उलगडा दुसऱ्याच वाटेनं झाला. आतड्याच्या आतल्या अस्तराला बारीक दारं असतात. त्यातल्या एका दारातून मीठ आणि साखर जोडीनंच आत जातात, आणि ती दोघं गेली की पाणी त्यांच्यामागून जातं. पटकीचं विष बाकी सगळं बिघडवतं, पण हे दार शाबूत राहतं. म्हणून नुसतं पाणी पुरत नाही, नुसतं मीठही नाही. दोन्ही लागतात, आणि ठरावीक मापात.

१९६८ साली ढाक्यात, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तिशीही न गाठलेल्या दोन अमेरिकन डॉक्टरांनी रफिकुल इस्लाम आणि माजिद मोल्ला या तिथल्या डॉक्टरांसोबत हे मोजून दाखवलं. रुग्ण होते फक्त २९. जेवढं अंगातून गेलं तेवढंच तोंडानं भरून काढायचं, एवढा एक नियम. त्यानं सलाईनची गरज ८० टक्क्यांनी कमी झाली.

पण तो दवाखान्यातला प्रयोग होता, प्रत्येक खाटेशी माणूस होता. खरी परीक्षा १९७१ साली झाली. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. पश्चिम बंगालच्या सीमेवर बनगाव आहे. तिथल्या छावणीत पटकी शिरली. दवाखान्यात खाटा १६. डॉ. दिलीप महालनबीस तिथं पोचले तेव्हा दोन खोल्यांच्या जमिनीवर माणसं दाटीनं पडलेली होती. सलाईन लावायला त्यांना जुलाब आणि उलट्यांच्या चिखलात गुडघे टेकून बसावं लागे. सलाईन लावता येणारी माणसं त्यांच्याकडं दोनच, आणि बाटल्या संपत आलेल्या. मग त्यांनी ठरवलं, तोंडानं पाजायचं. कोलकात्यात पुड्या बांधून घेतल्या: लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. पाणी पिंपांत कालवून ठेवलं, आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. ज्याची आई, ज्याचा भाऊ, त्यानं कप भरून न्यायचा आणि पाजत राहायचं. लोकांना सलाईन ठाऊक होतं, त्यावर विश्वास होता, म्हणून या पाण्याला नाव दिलं 'ओरल सलाईन', तोंडानं घ्यायचं सलाईन. दोन महिन्यांत सुमारे ३,७०० रुग्ण झाले. आधी शंभरातली वीस-तीस माणसं दगावत होती, ते प्रमाण चारच्याही खाली आलं.

आज रेडिओवरून बोलतोय म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मीठ-ग्लुकोजचं हे प्रमाण पत्रकांवर छापून सीमेवर वाटलं गेलं, आणि बांगलादेशच्या एका गुप्त रेडिओ केंद्रावरूनही सांगितलं गेलं. महालनबीसांना पुरवठा नसल्यामुळं हे करावं लागलं. परवानगी कोण देणार याची त्यांनी वाट पाहिली नाही. ते २०२२ साली गेले. पद्मविभूषण मिळालं ते मरणानंतर, २०२३ मध्ये.

म्हणजे आक्कांच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. बाहत्तर साली हे ठाऊक होतं. बनगावला ठाऊक होतं, ढाक्याला ठाऊक होतं, आपल्याच देशात आदल्याच वर्षी हजारो माणसं त्यावर वाचली होती. खडीच्या ढिगापाशी ते पोचलं नव्हतं. बनगावचा अहवालसुद्धा छापून आला तो १९७३ साली. १९७८ मध्ये 'लॅन्सेट'नंच लिहिलं की हा या शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरू शकेल. चटर्जींच्या लेखाला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती.

पोचवायचं कसं, हा दुसरा शोध. आम्हाला तो पहिल्याइतकाच मोठा वाटतो, आणि तो बायकांनी बायकांना शिकवताना लागला. बांगलादेशात फजले हसन आबेद यांची ब्रॅक नावाची संस्था आहे. १९८० पासून दहा वर्षं त्यांच्या कार्यकर्त्या पायी घरोघर फिरल्या. पुड्या सगळीकडं पुरणं शक्य नव्हतं, म्हणून घरातलंच माप बसवलं: अर्धा शेर पाणी, तीन बोटांच्या चिमटीत येईल एवढं मीठ, मूठभर गूळ. चिमूट किती, तर बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत. मीठ जास्त झालं तर बाळाला धोका, म्हणून हे पेर महत्त्वाचं.

आता त्या कार्यकर्त्यांचा मेहनताना कसा ठरायचा, ते ऐका. शिकवून झाल्यावर महिनाभरानं दुसरीच माणसं त्यातल्या काही घरी जायची. आईला सांगितलेले मुद्दे किती आठवतात ते विचारायची, तिला पाणी करायला लावायची आणि त्याचा नमुना प्रयोगशाळेत नेऊन मीठ तपासायची. आईला जेवढं जमलं, त्यावर कार्यकर्तीचे पैसे. आम्हीही प्रशिक्षणं घेतो आणि देतो. हजेरीपत्रकावर सह्या, बॅनरसमोर फोटो, चहा-नाश्ता, अहवाल पाठवून मोकळे. महिन्यानं परत जाऊन तुम्हाला काय आठवतं, असं आम्ही कुणाला विचारलंय? नाही विचारलं.

एवढं करूनही पहिल्या पाहणीत फजिती झाली. बायांना कृती तोंडपाठ होती, पाणीही बरोबर जमत होतं, पण घरात जुलाब लागले की वापरणाऱ्या शंभरात दहासुद्धा नव्हत्या. का, म्हणून शोधलं तर कळलं की शिकवणाऱ्या कार्यकर्त्यांचाच त्यावर विश्वास नव्हता, त्या स्वतः गोळ्या घेत. मग त्यांना ढाक्याच्या प्रयोगशाळेतल्या लोकांकडून हे पाणी काम कसं करतं ते समजावून दिलं. शिकवताना आईसमोर स्वतः एक घोट प्यायचा, असंही ठरलं. दुसरं कारण, पुरुषांना कुणी विचारलंच नव्हतं. घरधनीच 'हे कसलं औषध' म्हणत होता. मग बाजारात, मशिदीत पुरुषांशी बोलायला माणसं गेली, रेडिओवर जाहिराती आल्या.

तिसरं कारण आम्हाला सगळ्यांत पटलं. कार्यकर्त्या सांगत होत्या, 'डायरिया' झाला की हे पाणी द्या. पण तिथल्या बाया जुलाबांचे चार प्रकार मानत. अंगावर पिणाऱ्या बाळाचे वेगळे, अपचनाचे वेगळे, आवेचे वेगळे आणि पटकीसारखे जोराचे वेगळे. 'डायरिया' म्हणजे त्यांच्या लेखी फक्त शेवटचा प्रकार. बाकीच्या तीनवर त्या पाणी देत नव्हत्या, आणि सांगितलं त्याप्रमाणेच वागत होत्या. आपल्याकडं काय वेगळं आहे? बाळाला दात येताना होतं ते चालायचंच, आव पडली तर वेगळं, दृष्ट लागली तर आणखी वेगळं. आशाताई 'अतिसार' म्हणतात तेव्हा यातलं नेमकं कुठलं आपल्या डोळ्यांसमोर येतं?

दहा वर्षांत त्या कार्यकर्त्यांनी १ कोटी २० लाखांच्या आसपास घरांत हे शिकवलं.

पुढं संशोधन चालूच राहिलं. २००२ मध्ये पुडीतलं मीठ-साखरेचं प्रमाण थोडं कमी केलं गेलं, ते जास्त मानवतं असं दिसल्यामुळं. २००४ पासून सोबत झिंकची गोळी १० ते १४ दिवस द्यायला सांगतात. रोटाव्हायरसची भारतीय लस तपासली गेली तेव्हा दिल्ली आणि वेल्लोरसोबत आपल्या पुण्याजवळच्या वढूचीही बाळं त्यात होती, आणि आता ती लस सरकारी लसीकरणात आहे.

तरी २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात जुलाब झालेल्या शंभर मुलांपैकी ६१ मुलांनाच ओआरएस मिळालं होतं. पुडी स्वस्त, सरकारी दवाखान्यात फुकट, डॉक्टरांना माहीत. मग राहिलेल्या ३९ जणांचं काय? याचा शोध घेणारा एक अभ्यास फेब्रुवारी २०२४ मध्ये छापून आला. कर्नाटक आणि बिहारमधल्या अडीचशेवर शहरांत अभ्यासकांनी माणसं तयार करून सव्वादोन हजारांहून अधिक खासगी डॉक्टर-औषधवाल्यांकडं पाठवली. सोंग असं की घरी दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होतायत. निघालं काय? ओआरएस न देण्याचं सगळ्यांत मोठं कारण दुकानात पुडी नसणं हे नव्हतं, नफा हेही नव्हतं. रुग्णाला ते नको असतं, त्याला खरं औषध हवं असतं, असा डॉक्टरचा समज होता. आलेल्या माणसानं ओआरएस हवंय असं नुसतं दाखवलं, तर ते देणाऱ्यांचं प्रमाण शंभरात २७ नं वाढलं.

पुढच्या बैठकीत आम्ही आक्कांना सगळं सांगितलं. ठाऊक होतं, हेही सांगितलं. लपवावं का, यावर आमच्यात आधी बरीच चर्चा झाली होती. आक्का थोडा वेळ पदराचं टोक चाळवत बसल्या. मग त्यांनी आशाताईंकडं दोन पुड्या मागितल्या, नातसुनेकडं न्यायला. हातातल्या दोन्ही पुड्या सारख्या नव्हत्या, एक लिटरभर पाण्याची आणि एक छोटी, पेलाभर पाण्याची. "मला वाचता येत नाही," आक्का म्हणाल्या, "कुठली कितीची, ते माझ्या हातानं एकदा करून दाखवते. चुकलं तर सांगा." आणि त्यांनी तांब्या पुढं ओढला.