विकाजी मेहरजी आणि पेस्तनजी मेहरजी

अव्वल इंग्रजी काळातील तारापूरचे (आजचा पालघर जिल्हा) पारशी व्यापारी बंधू. जकातीचे मक्तेदार, निजामाचे सावकार आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराला जोडणारे पहिले मोठे व्यापारी. त्यांची पेढी हैदराबादेत ‘पेस्तनजी विकाजी’ या नावाने ओळखली जाई.

आज तारापूर म्हटले की अणुवीज केंद्र आणि बोईसरजवळची औद्योगिक वसाहत आठवते. त्याच्या दीडशे वर्षे आधी तारापूर हे खाडीच्या मुखाशी वसलेले छोटे बंदर होते. खाडीपलीकडे चिंचणी, अलीकडे तारापूर, आणि समुद्राला लागून पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, जानेवारी १७३९ मध्ये, मराठ्यांनी हा किल्ला जिंकला; त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. पुढे पेशव्यांनी हाच किल्ला विकाजींना शंभर वर्षांच्या इनामाने दिला. तटबंदी ज्या घराण्याच्या ताब्यात दिली जाते, त्या घराण्याचा किनाऱ्यावरचा दबदबा वेगळा सांगावा लागत नाही.

विकाजी थोरले. उत्तर कोकणातील जकातीच्या मक्त्यांवर त्यांनी भांडवल उभे केले. सुमारे १८२० मध्ये त्यांनी तारापूरच्या पारशी वस्तीत अग्यारी बांधली. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या सरकारी नोंदींत त्यांचा उल्लेख ‘प्रसिद्ध पारशी मक्तेदार’ असा येतो, तो या अग्यारीच्या संदर्भात. कमाई सुरू झाल्यावर त्यांनी आधी गावाकडे पाहिले, ही गोष्ट ठळकपणे मांडायला हवी.

घराण्याचे खरे कर्तृत्व मात्र तारापूरपासून शेकडो किलोमीटर आत, तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या वऱ्हाडात घडले. तोवर वऱ्हाडचा कापूस नागपूरमार्गे गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. सुटी रुई बैलांच्या पाठीवर लादून तांडे महिनोन्‌महिने चालत. वाटेत पाऊस, धूळ आणि चोरी यांत मालाची नासाडी होई. विकाजी-पेस्तनजींच्या पेढीने १८२५-२६ मध्ये वऱ्हाडचा पहिला कापूस मुंबईला पाठवला. बैलांची ५०० ओझी, वजन १ लाख २० हजार पौंड, किंमत २५ हजार रुपये. हिशेब केला तर दर बैलामागे २४० पौंड, म्हणजे साधारण १०९ किलो पडतात. तेव्हा आगगाडी नव्हती. मुंबई-ठाणे गाडी धावली ती १८५३ मध्ये, आणि वऱ्हाडातील खामगावला रेल्वेचा फाटा पोचला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. घाट उतरून जाणाऱ्या बैलांच्या भरवशावर नवी बाजारपेठ उघडण्याचे धाडस त्यांनी केले. शेतकऱ्यांना आगाऊ रकमा दिल्या. खामगाव आणि इतर ठिकाणी रुई दाबून गठाणी बांधण्याची यंत्रे बसवली. दाबलेल्या गठाणीला जागा कमी लागते आणि ती धूळ कमी धरते, त्यामुळे लांबचा प्रवास परवडू लागला. खामगाव पुढे कापसाची मोठी पेठ म्हणून नावारूपाला आले, त्याच्या मुळाशी ही गुंतवणूक आहे.

हैदराबादची बाजू धाकट्या पेस्तनजींनी सांभाळली. निजामाचे दिवाण चंदूलाल यांचा कारभार कर्जावर चाले आणि ही पेढी त्यांच्या मोठ्या सावकारांपैकी एक होती. औरंगाबादची टांकसाळ तिच्याकडे आली; तिथे पाडलेला रुपया ‘पेस्तनशाही’ म्हणून चालला. एका खासगी व्यापाऱ्याचे नाव लोकांनी चलनी नाण्याला द्यावे, असे उदाहरण मराठी मुलखात विरळाच.

कर्जफेडीसाठी चंदूलाल यांनी १८४१ मध्ये वऱ्हाडातील मोठा मुलूख पेढीला वसुलीसाठी लावून दिला. इथे व्यापारी हा महसूलदारही झाला. मक्त्याने वसुली करण्याची पद्धत रयतेला जाचकच होती, आणि पेढीच्या गुणांबरोबर हेही नोंदवणे न्यायाचे आहे. चंदूलाल १८४३ मध्ये पदावरून दूर झाले. त्यानंतरच्या कारभाऱ्यांनी १८४५ मध्ये मुलूख परत घेतला. पेढीच्या माणसांनी काही काळ प्रतिकार केला, पण तो टिकला नाही. येणे बुडाले आणि पेढीचे दिवाळे निघाले. राजसत्तेला दिलेले कर्ज त्या सत्तेच्याच मर्जीवर अवलंबून असते, हा धोका त्यांनी ओळखला नाही. व्यवहारातील त्यांची मोठी चूक हीच.

घराणे असे उतरणीला लागले असताना, १८४७ मध्ये, सिकंदराबादेत या बंधूंच्या नावाची अग्यारी उभी राहिली. तिथली ती सर्वांत जुनी अग्यारी. तिचा काळ मुद्दाम ध्यानात ठेवावा. भरभराटीत दानधर्म करणारे पुष्कळ सापडतात; मुलूख हातचा गेल्यावर दोन वर्षांनी, घरापासून दूर गेलेल्या आपल्या लोकांसाठी पूजास्थान उभे करणारे थोडे.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली झाला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा त्याची मुंबईची वाट चांगली रुळलेली होती. त्या वाटेवरची पहिली ५०० ओझी तारापूरच्या पेढीची होती.