धडक, थांबण्याचे अंतर आणि सीटबेल्टचा इतिहास

ताशी ५० किलोमीटर हा वेग आपल्याला फारसा वाटत नाही. पण या वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, साधारण तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्यासारखे आहे. तरीही अशा धडकेतून एक माणूस वाचतो आणि दुसरा वाचत नाही. असे का? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आपण येथे पाहणार आहोत.

१. प्रश्न बदलला

पूर्वी अपघाताची चर्चा बहुधा ‘चूक कोणाची?’ येथेच थांबत असे. ‘शरीराला इजा नेमकी कशाने झाली?’ हा प्रश्न ह्यू डीहेवन यांनी लावून धरला. पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकाचे प्रशिक्षण घेताना त्यांच्या विमानाची हवेत टक्कर झाली. ते वाचले, पण पोटातील गंभीर इजा पट्ट्याच्या बकलामुळे झाली असे त्यांचे मत बनले. १९४२ साली त्यांनी सुमारे १५ ते ४५ मीटर उंचीवरून पडूनही वाचलेल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यावर शरीर पडले ते थोडे दबले किंवा वाकले आणि आघात शरीराच्या मोठ्या भागावर पसरला, तर माणूस वाचू शकतो, हे त्यातून दिसले.

२. यामागचे गणित

शरीर थांबवताना त्याची सर्व गतिज ऊर्जा खर्ची पडावी लागते. म्हणून सरासरी बल × थांबण्याचे अंतर = गतिज ऊर्जा. ७० किलोचा माणूस ताशी ५० किलोमीटर वेगाने जात आहे असे समजा. डॅशबोर्डवर आदळून तो ५ सेंटीमीटरमध्ये थांबला, तर त्याच्यावरील बल सुमारे साडेतेरा टन वजनाइतके होते. तोच ६० सेंटीमीटरमध्ये थांबला, तर ते सव्वा टनाहून कमी भरते. वेग तोच, माणूस तोच; बदलले ते फक्त अंतर.

३. अंतर मिळवण्याचे उपाय

शरीर किती सहन करते, हे अमेरिकन हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप यांनी स्वतःवरच तपासले. डिसेंबर १९५४ मध्ये ते रॉकेटच्या गाडीवर ताशी १,००० किलोमीटरहून अधिक वेगाने गेले आणि दीड सेकंदाच्या आत थांबले. पट्ट्यांनी नीट बांधलेले असल्याने ते वाचले.

मर्सिडीज-बेंझचे अभियंते बेला बारेन्यी यांनी मधली केबिन मजबूत आणि पुढचा-मागचा भाग चुरगळणारा, अशी रचना सुचवली. ती १९५९ साली विक्रीच्या मोटारीत आली. त्याच वर्षी व्होल्वोचे निल्स बोलिन यांचा तीन-बिंदू पट्टा आला. तो छाती आणि कमरेच्या हाडांवर बल पसरवतो. व्होल्वोने पेटंट घेऊनही ही रचना इतर उत्पादकांना वापरू दिली.

४. आपल्यासाठी अर्थ

गाडीचा पुढचा भाग चुरगळतो, ते अंतर आपल्याला मिळते कधी? आपण पट्ट्याने गाडीशी जोडलेले असू तेव्हाच. अन्यथा गाडी थांबते आणि आपण जडत्वामुळे पूर्वीच्याच वेगाने पुढे जातो. मागे बसलेला प्रवासीही याला अपवाद नाही. तो पुढच्या आसनावर आदळतो आणि तेथे बसलेल्यालाही जखमी करू शकतो. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १३८ मध्ये समोर तोंड असलेल्या मागच्या आसनांवरील प्रवाशांनाही पट्टा लावण्यास सांगितले आहे.

स्वाध्याय : वेग ताशी १०० किलोमीटर झाला आणि थांबण्याचे अंतर तेवढेच राहिले, तर बल किती पट होईल?